मेणबत्तीच्या सिनेमाचा पडदा

मी पडदा बोलतोय. दारावरचा नव्हे, खिडकीवरचा नव्हे आणि नाटकातला तर मुळीच नव्हे. नाटकाच्या पडद्याला वर जायचं आणि खाली यायचं एवढंच काम. मी तंबूतल्या सिनेमाचा पडदा. समोरचे लोक हसोत, रडोत, शिट्ट्या मारोत, मला मात्र ताठ उभं राहावं लागे. ती नोकरी मी बरीच वर्षं इमानेइतबारे केली.

माझा जन्म मुंबईच्या गिरणीतला. जातीचा मी मांजरपाट, साधं जाडंभरडं कापड. महाडच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या फळीवर मी ठाण होऊन पडलो होतो. शेजारी रंगीत चिटाची ठाणं. आलेलं गिऱ्हाईक त्यांच्यावरून हात फिरवी, माझ्याकडे बघतही नसे. आपल्या नशिबी फार तर गादीची खोळ, असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी मुरारी नावाचा माणूस दुकानात आला. त्याने मला उलगडलं, उजेडात धरून माझ्या आरपार पाहिलं आणि म्हणाला, "हेच द्या. सगळंच्या सगळं."

मुरारी महाडचाच. मुंबईला एका थिएटरात मशीन चालवून परत आला होता. येताना एक जुनं मशीन, एक इंजिन आणि डोक्यात तंबूचं खूळ एवढा संसार घेऊन आला. सदू शिंप्याने मला चार पट्ट्या जोडून शिवलं आणि कडेने काळी किनार लावली. मधली शिवण नेमकी नटांच्या नाकावरून जाई. मुरारीने कुरकुर केली तेव्हा सदू म्हणाला, "शिवण सरळ हाय. नाक वाकडं असंल तर नटाला सांग."

महाडला आमचा मुक्काम असला की मला एका वखारीच्या भिंतीवर बांधत. समोर बाकं, बाकांवर पुरुष, एका अंगाला दोरी बांधून बायका. सगळे एकाच बाजूला. शहराची रीत ती.

पण आमचा खरा हंगाम नाताळचा. तोवर भाताची मळणी झालेली असे, वाटा सुकलेल्या असत, शाळांना नाताळची सुट्टी पडे. बैलगाडीवर तंबू, मशीन, इंजिन आणि वर गुंडाळलेला मी, अशी आमची वरात पोलादपूरला निघे. तिथे एका कापलेल्या शेतात तंबू उभा राही. शिवथरकडचे, कशेडीच्या बाजूच्या वाड्यांवरचे लोक चुडीच्या मशाली पेटवून डोंगर उतरत.

पहिल्या वर्षी मोठा घोटाळा झाला. तंबू अरुंद. पुरुषांनी तो भरून टाकला आणि बाया बाहेर थंडीत उभ्या राहिल्या. गर्दीत घुसायला एकही तयार होईना. त्यात कशेडीच्या बाजूच्या वाडीतली ठकूबाई होती. नवरा मुंबईला गोदीत, फक्त शिमग्याला घरी येणारा. काखेत तिची लहान लेक चंद्रभागा. ठकूबाईने माझ्या मागची कनात, म्हणजे तंबूची कापडी भिंत, उचलून आत डोकावलं आणि ओरडली, "अगो बायांनो, हिकडनं बी दिसतंय! आमी हिकडं बसतो."

मुरारीने डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला त्या कनातीपासून सोडवून तंबूच्या मधोमध उभं केलं. पुढे पुरुष, मागे बायका. मागे चित्र स्वच्छ उमटावं म्हणून खेळाआधी माझ्यावर पाणी शिंपडू लागला. डिसेंबरच्या थंडीत रोज संध्याकाळी अंघोळ. माझे हाल कुणी विचारले नाहीत, पण बाया खूश झाल्या आणि तीच पोलादपूरची रीत पडली.

तेव्हापासून मी दोन्हीकडचं ऐकू लागलो. पुढून विडीचा धूर आणि शिट्ट्या येत, मागून बांगड्यांची किणकिण आणि शेंगा सोलल्याचा आवाज. पुरुषांना मारामारीचा सिनेमा हवा असे. तलवारी खणखणल्या की ते बाकांवर उभे राहत. म्हातारी माणसं संतांच्या सिनेमाला येत आणि माझ्यापुढे नारळ ठेवून जात. मी तो नारळ कधी खाल्ला नाही, मुरारीने खाल्ला. पण नाताळच्या त्या दिवसांत सगळ्यांत जास्त गर्दी खेचणारा सिनेमा एकच. नाव त्याचं काहीतरी भारदस्त होतं. लोक त्याला मेणबत्तीचा सिनेमा म्हणत.

गोष्ट साधी. एक नर्सबाई असते, पांढऱ्या साडीतली, डोंगरावरच्या मिशनच्या दवाखान्यात. तिचा धाकटा भाऊ लहानपणी पुरात हरवलेला. दर नाताळच्या रात्री ती खिडकीत एक मेणबत्ती लावते. म्हणते, तो वाट चुकला असेल तर त्याला उजेड दिसेल. एका नाताळला एक तापाने फणफणलेला भुकेला पोरगा दवाखान्याच्या दारात येऊन पडतो. ती त्याला मांडीवर घेऊन आपल्या हाताने पेज भरवते. तोच तिचा भाऊ. तो डोळे उघडून "ताई" म्हणतो, आणि तिथे माझ्या मागच्या बाजूला जो हुंदका उठे तो ऐकून इंजिनसुद्धा क्षणभर गप्प झाल्यासारखं वाटे.

आमच्या त्या खोऱ्यात नाताळ म्हणजे काय, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. बायांनी ते स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. "नाताळ बघाया येतेस का गो?" असं त्या एकमेकींना विचारत. मुरारीने एका वर्षी तो सिनेमा आणला नाही, राजाराणीचा आणला. बायांनी तंबूच्या दारात त्याचा असा उद्धार केला की तो तिसऱ्याच दिवशी मुंबईला जाऊन मेणबत्तीची रिळं घेऊन आला.

आता चंद्रभागेचं सांगतो. ही पोर जन्मापासून डावरी. भाकरी डाव्या हाताने, पाणी डाव्या हाताने, खडा मारायचा तोही डाव्याच हाताने, आणि नेम अचूक. वाडीतली माणसं तिला "डावरी, डावरी" म्हणून हाक मारत. सणासुदीला तिच्या हातचा प्रसाद घेत नसत. ठकूबाई लेकीवर जीव टाकणारी, पण तीही जनरीतीला भिऊन होती. जेवायला बसवताना ती पोरीचा डावा हात फडक्याने कमरेशी बांधून टाकी. पोर उजव्या हाताने खाई, अर्धं सांडे आणि रडे.

जरा मोठी झाल्यावर एका वर्षी ती सिनेमाला आली तेव्हाही तिच्या मनगटावर फडक्याचा वळ होता. मेणबत्ती लावायचा प्रसंग आला आणि ही पोर एकदम उठून उभी राहिली.

"आये! बघ गो! ती बी डावरी!"

साऱ्या बाया तिला गप्प करू लागल्या, आणि मग त्यांनीही बघितलं. खरंच. नर्सबाईने डाव्या हाताने मेणबत्ती लावली. पुढे पेज भरवली तीही डाव्या हाताने.

तुमच्या ध्यानात आलं असेल. मशीनचा उजेड पुरुषांच्या बाजूने यायचा. त्यांना जसं आहे तसं दिसायचं, आणि मागे बसणाऱ्यांना आरशातल्यासारखं उलटं, उजव्याचं डावं. नर्सबाई बिचारी चांगली उजव्या हाताची. तिचा पदरही मागच्या बायांना उजव्या खांद्यावर दिसे. त्यांनी त्यावर "मिशनची पद्धत असंल" असा निकाल दिला होता. पाटीवरची अक्षरं उलटी येत, पण त्या काळी तिथे वाचणारं कोण होतं? डॉक्टरही डाव्या हाताने लिहायचा, पण पुरुषाच्या हाताकडे कुणी बघत नाही. घरी गेल्यावर नवरा-बायको सिनेमावर बोलत असतील, पण कुठल्या हाताने मेणबत्ती लावली यावर कोण बोलतंय?

मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. आणि खरं सांगू? असतं तरी मी त्या दिवशी ते उघडलं नसतं. पोरीचा चेहरा मी पाहिला होता.

ठकूबाईने तिथेच बसल्या जागी लेकीच्या मनगटावरचा वळ चोळला आणि शेजारणीला म्हणाली, "एवढी शिकलेली बाय. सायबाच्या दवाखान्यातली. तिचा हात कुनी बांदला का? आनि मी माज्या पोरीचा बांदते. जळो माजं मेलीचं!"

पुन्हा तो हात बांधला गेला नाही. वाडीतल्या बायाही निवळल्या. लावणीला, कापणीला चंद्रभागेला ओळीच्या एका टोकाला उभं करू लागल्या, म्हणजे तिचा विळा शेजारणीच्या विळ्याला अडत नसे. दर नाताळला ती येई, वाढलेली दिसे, आणि मेणबत्तीच्या वेळेला शेजारच्या पोरींना कोपराने ढोसून सांगे, "बघा, माजी बाय."

अशी वर्षं गेली. चंद्रभागा लग्नाची झाली. बिरवाडीजवळच्या गावातून तिला बघायला आली प्रयागबाई. सोबत मुलगा दत्ताराम, मुंबईला छापखान्यात कामाला, सरळ आणि कमी बोलणारा. प्रयागबाई विधवा, ताठ कण्याची, एकटीने मुलगा आणि शेत दोन्ही सांभाळलेली. मुलगी पसंत पडली होती. दत्ताराम चहाच्या कपाआडून दोनदा हसलाही होता. तेवढ्यात चंद्रभागेने सवयीने प्रयागबाईपुढे साखरेची वाटी धरली. डाव्या हाताने.

प्रयागबाईचा हात तिथेच थांबला. "पोरगी डावरी हाय?"

ठकूबाई घाबरली नाही. तिच्याकडे साक्षीदार होता ना! ती म्हणाली, "हाय. त्यात काय? मेनबत्तीच्या सिनेमातली बाय डावरीच हाय की. तिच्यासाठी सारा तालुका रडतो."

"कोन डावरी? ती नर्स? मी महाडला तीनदा बघितलाय तो सिनेमा. ती उजव्या हातानं भरवते."

"डाव्या! इतकी वर्सं बघते मी. वाघजाईची शप्पत!"

"देवीला कशाला मधे घालता? पोरीचा दोष झाकाया खोटं बोलता ते बोलता, वर शप्पत!"

झालं. सोयरीक राहिली बाजूला आणि नर्सबाईचा हात वादाला पडला. दत्ताराम मधे म्हणाला, "आये, मला तर आठवत बी नाय कुठला हात," तर दोघी त्याच्यावरच उसळल्या. शेवटी प्रयागबाई उठताना म्हणाली, "आता नाताळ आलाच हाय. पोलादपूरला येऊन बघते. तुमी खऱ्या निघालात तर पोरगी माजी. खोट्या निघालात, तर लबाडाच्या घरची लेक मला नको."

ही बातमी खोऱ्यात पसरली. मुरारीलाही कळली. काय घोटाळा आहे ते त्याने तात्काळ ओळखलं. एका वाक्यात भांडण मिटवता आलं असतं त्याला. पण धंदेवाईक माणूस तो. विचारणाऱ्याला म्हणे, "मी रीळ बघतो, बाईचा हात कुठं बघतो? या आणि तुमीच बघा." त्या दिवशी तंबूबाहेरही माणसं उभी होती. मी मात्र पाण्याने भिजून गार पडलो होतो आणि मनातून त्याहून गार झालो होतो. त्या पोरीचं आयुष्य माझ्या कुठल्या बाजूला कोण बसतं यावर येऊन ठेपलं होतं.

प्रयागबाई मागे, बायांत येऊन बसली. एका अंगाला ठकूबाई, पलीकडे चंद्रभागा. सिनेमा सुरू झाला. मेणबत्ती आली. डाव्या हाताने लागली.

"बघितलंत?" ठकूबाई म्हणाली. मागच्या साऱ्या बाया एका आवाजात "डावरी! डावरी!" म्हणाल्या.

प्रयागबाईचा चेहरा पार उतरला. तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. "आसं कसं? माजे डोळे काय फुटले होते?" ती पुटपुटली. पण बाई हट्टी. लोक हसतील याची पर्वा न करता ती उठली, माझ्या कडेची कनात बाजूला सारून थेट पुरुषांच्या बाजूला गेली. पुढे उभी राहून तिने पाहिलं. मागे आली. पुन्हा पुढे गेली. पुरुष ओरडू लागले, "ओ बाय, खाली बसा!" दत्ताराम कपाळाला हात लावून बसला होता. मग प्रयागबाईने मागे येऊन ठकूबाईचं मनगट धरलं आणि म्हणाली, "चला. हिकडनं बघा." चंद्रभागाही त्यांच्या मागे आली.

तेव्हा माझ्यावर पेज भरवायचा प्रसंग होता. नर्सबाईने मांडीवरच्या पोराच्या तोंडाशी उजवा हात नेला. शिवणीपाशी, अगदी स्वच्छ. दुसरा अर्थच नाही.

ठकूबाई मटकन जमिनीवर बसली. तिला खोटं बोलायचं नव्हतं हो. तिने जे पाहिलं ते सांगितलं होतं, देवीची शपथ घेऊन सांगितलं होतं. आणि चंद्रभागा? तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने तो हात पदराखाली लपवला.

माझ्यावर किती सिनेमे रडून गेले, पण मला रडू आलं ते त्या वेळी. म्हणाल, पडदा ओलाच होता. असू द्या.

रीळ संपलं. मुरारीकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवा लागे. लख्ख उजेडात प्रयागबाई उभी आणि ठकूबाई तिच्यासमोर जमिनीवर. ठकूबाई कशीबशी म्हणाली, "मी खोटी पडले. पन लबाड नाय. तुमी आल्या वाटंनं जा."

प्रयागबाईचं लक्ष पोरीच्या पदराखालच्या हाताकडे होतं. चंद्रभागेला वाटलं, पाहुणी निघाली, रिकाम्या हाताने कशी जाऊ द्यायची? कनवटीला शेंगा होत्या. त्या तिने उजव्या हाताने काढून पुढे केल्या. सवय नसलेला हात तो. निम्म्या शेंगा खाली सांडल्या. पोर लाजेने अर्धमेली झाली आणि वाकून त्या गोळा करू लागली, तीही उजव्याच हाताने.

प्रयागबाई खाली वाकली. तिने त्या पोरीचा उजवा हात धरून बाजूला केला.

"त्या हातानं नको गो," ती म्हणाली. "रोजच्या हातानं दे."

चंद्रभागेने मान वर केली. पदराखालचा हात बाहेर आला आणि त्याने सांडलेल्या शेंगा उचलल्या. प्रयागबाईने त्या हातातल्या शेंगा घेतल्या, सोलल्या आणि तिथेच उभ्याने खाल्ल्या. मग ठकूबाईला उठवत म्हणाली, "विहीनबाय, ते पोर भुकेलं होतं. त्यानं हात बघितला का? मीच तेवढी बघत बसले. चला, पुढचं रीळ लागंल, तुमच्या बाजूला बसू."

त्यानंतर पुरुषांनी शिट्ट्या मारल्या त्या सिनेमाला होत्या की या दोघींना, मला सांगता येणार नाही. दत्ताराम मात्र पुढे बसून उगाचच आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होता.

लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. मुरारीने मला मांडवाचं छत म्हणून दिलं, कदाचित मनाला लागलं असेल त्याच्या. मी वरून सगळं पाहिलं. कन्यादानाच्या वेळी भटजी म्हणाले, "मुली, उजवा हात पुढे कर." मागून प्रयागबाईचा आवाज आला, "दोनी पुढं कर गो." भटजी थांबले, पण त्या आवाजापुढे त्यांचं काही चाललं नाही.

पुढे महाडला पक्क्या भिंतींचं थिएटर झालं. तिथे सगळे एकाच बाजूला खुर्च्यांवर बसतात. तंबूचे दिवस संपले. मुरारीने मशीन मोडीत काढलं, आणि मी फाटत चाललो होतो तेव्हा चंद्रभागेने मला मागून घेतलं. आता मी बिरवाडीजवळ त्यांच्या खळ्यात असतो. माझ्यावर उकडा भात वाळत घालतात. उन्हाने मी पिवळा पडलोय, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलंय, सदूची शिवण मात्र अजून तशीच आहे. कोंबड्या माझ्यावर चालतात. पूर्वी माझ्यावर राजे चालत. पण तक्रार नाही. इथे मला रोज माणसांचं खरं बोलणं ऐकू येतं.

मागणं एकच आहे. तुमच्या घरात एखादं पोर डाव्या हाताने पेला उचलत असेल, तर त्याचा हात बांधू नका. त्याला सांगायला तुमच्याजवळ नर्सबाई नसेल, तरी बांधू नका.

बरं, निघतो. ऊन उतरलं. भात सुपात भरून झाला आणि मला उचलायला दोघी आल्यात. एक टोक सासूने धरलंय, एक सुनेने. समोरासमोर उभ्या राहून झटकतील आणि घडी घालत एकमेकींकडे चालत येतील. अशा वेळी एकीचा उजवा हात थेट दुसरीच्या डाव्या हाताला येऊन मिळतो, आणि कोपऱ्याला कोपरा बरोबर जुळतो.